मोटारसायकलचे ब्रेक व क्लच लिव्हर

मोटारसायकलच्या हँडलवर दोन्ही मुठींसमोर बसवलेल्या आणि बोटांनी ओढायच्या दांड्यांना लिव्हर म्हणतात. उजव्या मुठीसमोरचा लिव्हर पुढच्या चाकाचा ब्रेक लावतो. डाव्या मुठीसमोरचा लिव्हर क्लच सोडवतो, म्हणजे इंजिन आणि गिअरपेटी यांचा संबंध तात्पुरता तोडतो. मागच्या चाकाचा ब्रेक बहुतेक मोटारसायकलींत पायाने लावला जातो. विनागिअर स्कूटरांत क्लच आपोआप चालत असल्याने डावा लिव्हर मागच्या ब्रेकसाठी वापरतात.

उभी गाडी कलंडली तरी सर्वांत आधी वाकणारा किंवा मोडणारा भाग म्हणजे लिव्हर. त्यामुळे गाडीच्या आयुष्यात तो एकदा तरी बदलावा लागतो, आणि त्या वेळी कंपनीचा मूळ भाग, त्याच मापाचा स्थानिक बनावटीचा भाग किंवा रंगीत, आखूड, घडीचा असा शोभिवंत भाग यांतून निवड करावी लागते. हे सर्व दिसायला जवळपास सारखे असतात आणि बरेचदा एकाच बोल्टावर बसतातही. मात्र बोल्टावर बसणारा लिव्हर ब्रेकच्या यंत्रणेशी जुळतोच असे नाही. हा फरक सपाट रस्त्यावर सहसा लक्षात येत नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे तापीच्या सपाटीवरून निघालेली गाडी तासा-दोन तासांत सातपुड्याच्या घाटात असते, तिथे तो उतारावर उघड होतो.

रचना

लिव्हर ज्या धारकात बसतो त्याला सुट्या भागांच्या दुकानांत योक किंवा होल्डर म्हणतात. योक हँडलच्या नळीवर आवळलेला असतो. लिव्हर त्यात एका बोल्टाभोवती फिरतो, आणि या बोल्टाच्या जागी बहुधा धातूची बारीक बुशिंग असते. लिव्हरचे दोन भुज असतात. बोटे जिथे टेकतात तो लांब भुज आणि केबल किंवा पिस्टन जिथे जोडलेला असतो तो आखूड भुज. या दोन लांबींच्या गुणोत्तराइतकी बोटांची ताकद वाढते, आणि त्याच प्रमाणात हालचाल कमी होते. ताकद वाढवायची तर हालचाल सोडावी लागते, हा तरफेचा नियम लिव्हरच्या निवडीत वारंवार आडवा येतो.

केबलवर चालणाऱ्या लिव्हरमध्ये केबलच्या टोकाचे निपल लिव्हरच्या खोबणीत अडकवलेले असते. क्लचच्या बाबतीत केबल ओढली की इंजिनातील दाबपट्टीच्या स्प्रिंगा दाबल्या जातात आणि क्लच प्लेटा एकमेकींपासून सुटतात. ड्रम ब्रेकच्या बाबतीत केबल चाकावरील आर्म ओढते आणि ब्रेक शू ड्रमच्या आतील पृष्ठभागावर टेकतात. भारतातील बहुतेक लहान मोटारसायकलींचा क्लच केबलवरच चालतो.

डिस्क ब्रेकमध्ये लिव्हर केबल ओढत नाही, तर मास्टर सिलिंडरमधील पिस्टन ढकलतो. पिस्टनमुळे तेलावर दाब येतो, तो होजमधून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत पोचतो आणि दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडतात. या रचनेत एक बारीक पण अतिशय महत्त्वाची गोष्ट असते. पिस्टन पूर्णपणे मागे आल्यावर त्याच्या पुढे एक सूक्ष्म छिद्र उघडे राहते, आणि ते सिलिंडरला वरच्या तेलाच्या टाकीशी जोडते. ब्रेक वापरून तेल तापले की ते प्रसरण पावते, आणि जास्तीचे तेल या छिद्रातून टाकीत परत जाते. लिव्हर सोडल्यावरही पिस्टन किंचित पुढेच राहिला, तर छिद्र झाकलेले राहते. मग तापलेल्या तेलाला वाट उरत नाही, पॅड डिस्कवर घासत राहतात, घासण्याने उष्णता वाढते आणि वाढलेल्या उष्णतेने दाब आणखी वाढतो. हे चक्र काही किलोमीटरमध्ये पुढचे चाक जाम करू शकते.

बोटांची ताकद आणि ब्रेकचा दाब

बोटांनी फिरण्याच्या बिंदूपासून १०० मि.मी. अंतरावर १०० न्यूटन बल लावले, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतका जोर दिला, आणि लिव्हर पिस्टनला त्याच बिंदूपासून २० मि.मी. अंतरावर ढकलत असला, तर पिस्टनवर ५०० न्यूटन बल पडते. पिस्टनचा व्यास १२.७ मि.मी. असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस मि.मी. भरते, आणि तेलावर दर चौरस मि.मी. ला सुमारे ३.९ न्यूटन दाब येतो. बाकी काहीही न बदलता पिस्टनचा व्यास १४ मि.मी. केला, तर हाच दाब ३.२ च्या आसपास उतरतो. म्हणजे त्याच हाताला ब्रेक जवळपास अठरा टक्के कमी मिळतो.

यात एक फसगत दडलेली आहे. मोठ्या पिस्टनमुळे तेवढेच तेल ढकलायला लिव्हरला कमी अंतर जावे लागते, त्यामुळे तो हाताला कडक आणि तत्पर भासतो. अनेक चालक या कडकपणाला ब्रेकचा जोर समजतात. प्रत्यक्षात जोर कमी झालेला असतो, आणि हे अचानक थांबायची वेळ आल्यावर कळते. शर्यतीच्या सुट्या भागांवर ‘१९ गुणिले १८’ अशी जी जोडसंख्या लिहिलेली असते, तिचा अर्थ १९ मि.मी. व्यासाचा पिस्टन आणि १८ मि.मी. आखूड भुज असा होतो. असा संच मोठ्या गाडीच्या दोन डिस्क आणि अनेक पिस्टनांच्या कॅलिपरसाठी ठरवलेला असतो. एकच डिस्क असलेल्या दीडशे सीसीच्या गाडीवर तो लावणे म्हणजे पैसे खर्चून ब्रेक कमकुवत करणे होय.

केबलच्या लिव्हरलाही हाच नियम लागू होतो. फिरण्याच्या बिंदूपासून निपलचे अंतर २५ मि.मी. ऐवजी २८ मि.मी. असले, तर हाताच्या तेवढ्याच हालचालीत केबल सुमारे १२ टक्के अधिक ओढली जाते, आणि लिव्हर त्याच प्रमाणात जड होतो. उलट अंतर कमी केल्यास लिव्हर हलका होतो, पण क्लच पुरता सुटत नाही. गिअर अडखळत पडणे, थांबलेल्या गाडीत न्यूट्रल न सापडणे, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढली जाणे ही त्याची लक्षणे आहेत. गिअरपेटी खराब झाल्याच्या संशयाने इंजिन उघडण्यापूर्वी अलीकडे लिव्हर बदलला होता का, हे पाहणे स्वस्त पडते.

इतिहास

सुरुवातीच्या मोटारसायकलींचे ब्रेक सळ्यांनी चालत. वळणे घेत जाऊ शकणाऱ्या आवरणातील पोलादी तारेचे पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ मध्ये घेतले, आणि त्यामुळे हँडलवरच्या लिव्हरला हवे तिथे जोडणे शक्य झाले. त्या काळी अनेक गाड्यांचे लिव्हर आजच्या उलट, हँडलच्या टोकाला बिजागरी ठेवून आत उघडणारे असत. अमेरिकी गाड्यांत दीर्घकाळ क्लच पायाने आणि गिअर हाताने बदलत. हार्ली-डेव्हिडसनने हाताचा क्लच आणि पायाचा गिअर १९५२ मध्ये स्वीकारला. १९६९ च्या होंडा सीबी ७५० या गाडीने पुढचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावर उत्पादित गाड्यांत आणला.

भारतात, आणि त्यातही महाराष्ट्रात, लिव्हरचा अर्थ गाडीगणिक बदलत गेला. बजाज चेतक स्कूटरमध्ये डावी मूठच फिरवून गिअर बदलत आणि क्लच लिव्हर मुठीबरोबर वरखाली होई. खेड्यापाड्यांत लोकप्रिय झालेल्या बजाज एम ८० मध्येही हीच पद्धत होती. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेल्या लुनाला क्लच लिव्हरच नव्हता, आणि १९८४ च्या कायनेटिक होंडाने विनागिअर स्कूटरचा डावा लिव्हर मागच्या ब्रेकला दिला. रॉयल एनफील्डच्या जुन्या बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. पायांची ही अदलाबदल पुढे झाली, हातांची वाटणी मात्र तशीच राहिली. घरात एक मोटारसायकल आणि एक विनागिअर स्कूटर असणाऱ्यांच्या बाबतीत डाव्या हाताचा घोटाळा अजूनही होतो. मोटारसायकलच्या सवयीने क्लच समजून दाबलेला स्कूटरचा लिव्हर मागचे चाक रोखतो.

१९८३ पासून भारतात बनलेल्या राजदूत ३५० या गाडीचे मूळ यामाहाच्या आरडी ३५० मध्ये होते. परदेशातील त्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, भारतीय आवृत्तीला ड्रम मिळाला. वेगाच्या मानाने तिचा ब्रेक अपुरा असल्याची तक्रार त्या गाडीच्या चाहत्यांतही रूढ आहे. हीरो होंडाच्या सीबीझी (१९९९) आणि बजाजच्या पल्सर (२००१) या गाड्यांनंतर पुढचा डिस्क ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत पोचला. आज ब्रेकचे संच महाराष्ट्रातच मोठ्या प्रमाणावर बनतात. छत्रपती संभाजीनगर येथील एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज आणि ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा पुणे परिसरातील कारखाना ही त्याची उदाहरणे होत. लहान गाड्यांसाठी ब्रेम्बो ‘बायब्रे’ हे नाव वापरते.

निवड

गाडीशी जुळणी

निवडीचा पहिला निकष गाडीचे नेमके मॉडेल आणि त्याचे वर्ष हा आहे. एकाच नावाची गाडी ड्रम आणि डिस्क अशा दोन्ही प्रकारांत विकली जाते, आणि दोहोंचे उजवे लिव्हर वेगळे असतात. ड्रमच्या लिव्हरला निपलची खोबण असते, डिस्कच्या लिव्हरला पिस्टन ढकलणारा उंचवटा. त्याच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत मास्टर सिलिंडर बदललेला असणेही नवलाचे नाही. म्हणून दुकानात जाताना मोडलेला लिव्हर, त्याचे सर्व तुकडे आणि बोल्ट सोबत नेणे हा जुना रिवाज शहाणपणाचा आहे. दोन्ही लिव्हर एकमेकांवर ठेवून तीन गोष्टी ताडून पाहाव्या लागतात: बोल्टाच्या छिद्राचा व्यास, छिद्रापासून खोबणीचे किंवा उंचवट्याचे अंतर, आणि उंचवट्याची उंची.

यांपैकी शेवटची गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक धोक्याची आहे. उंचवटा मूळ भागापेक्षा एखादा मिलिमीटर अधिक असला, तर लिव्हर सोडलेला असतानाही पिस्टन दाबलेला राहतो आणि वर वर्णन केलेले छिद्र झाकले जाते. उंचवटा कमी असला तर लिव्हरचा बराच प्रवास वाया जातो आणि ब्रेक मुठीजवळ येऊन लागतो. काही लिव्हरमध्ये या जागी लॉकनटसह समायोजनाचा स्क्रू असतो. तो पहिल्यांदा बसवताना लावायचा असतो, नंतर लिव्हर ‘घट्ट’ करण्यासाठी फिरवायचा नसतो.

स्विचांचाही विचार करावा लागतो. पुढच्या ब्रेकचा दिवा लिव्हरच्या हालचालीने चालू-बंद होणाऱ्या लहान स्विचवर अवलंबून असतो. लिव्हरवरचा त्याचा ठोका चुकीच्या जागी असेल तर दिवा सतत जळतो किंवा कधीच लागत नाही. दोन्ही स्थितींत मागून येणाऱ्याला गाडी थांबत असल्याचे कळत नाही. अनेक गाड्यांत गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ चालत नाही, आणि तो स्विच डाव्या लिव्हरपाशी असतो. विजेवर चालणाऱ्या दुचाकींत ब्रेक लिव्हरचा स्विच मोटारीचा वीजपुरवठा तोडतो, त्यामुळे तिथे ही जुळणी अधिकच आवश्यक ठरते.

एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक किंवा एबीएस, आणि त्याहून मोठ्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. संयुक्त ब्रेक असलेल्या मोटारसायकलींत पायाचे पेडल दाबल्यावर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. स्कूटरांत हे काम डावा लिव्हर करतो, आणि काही स्कूटरांत ब्रेकची वाटणी करणारी यंत्रणा त्या लिव्हरपाशीच असते. अशा गाडीला संयुक्त ब्रेकपूर्वीच्या काळातील साधा लिव्हर लावल्यास वाटणी बिघडते. एबीएसच्या गाडीत लिव्हरची जुळणी साध्या डिस्कप्रमाणेच पाहायची असते. एबीएस चाक घसरू देत नाही, पण चुकीच्या लिव्हरने कायम दाबून ठेवलेला ब्रेक सोडवू शकत नाही.

हाताचे माप

कारखाने लिव्हरचे अंतर सरासरी पुरुषी हात धरून ठरवतात. लहान हातांच्या चालकांना, आणि त्यांत अनेक स्त्रिया व तरुण मुले येतात, मुठीवर तळवा टेकवून लिव्हरपर्यंत पोचायला बोटे ताणावी लागतात. मुठीवर तळवा नेहमीसारखा ठेवला असता तर्जनी आणि मधल्या बोटाचे पहिले पेर लिव्हरवर आरामात टेकले पाहिजे, ही साधी कसोटी आहे. फक्त बोटांची टोके पोचत असतील तर जोर अर्धवट लागतो, आणि लिव्हर ओढण्यासाठी मनगट वळवावे लागल्याने अॅक्सिलरेटरही हलतो.

यासाठी अंतर कमी-जास्त करण्याची चकती असलेले लिव्हर मिळतात. चकतीवर सहसा चार ते सहा खुणा असतात. अंतर कमी करतानाही एक मर्यादा आहे. लिव्हर पूर्ण जोराने ओढल्यावर तो मुठीला टेकता कामा नये, आणि दोन बोटांनी ब्रेक लावण्याची सवय असल्यास मुठीवरची उरलेली बोटे लिव्हरखाली चिरडता कामा नयेत. क्लचच्या बाबतीत अंतर फार कमी केल्यास प्लेटा पुरत्या सुटत नाहीत. मुठीवर चढवलेले जाड फोमचे आवरण किंवा थंडीतली झाकणे हे अंतर नकळत बदलतात. नवा लिव्हर घेण्याआधी ती काढून पाहावीत.

पुष्कळदा अडचण अंतराची नसून कोनाची असते, आणि ती फुकट सुटते. योकचा बोल्ट थोडा सैल करून लिव्हर असा फिरवतात, की बसलेल्या चालकाचा हात आणि बोटे कोपरापासून सरळ रेषेत यावीत. लिव्हर फार वर असल्यास मनगट मागे मोडते, आणि लांबच्या प्रवासात बोटांना मुंग्या येतात.

लांबी, धातू आणि मोडण्याची रीत

पूर्ण लांबीचा लिव्हर चार बोटांसाठी, तर आखूड लिव्हर दोन बोटांसाठी असतो. आखूड लिव्हरने बाहेरची बोटे मोकळी राहतात आणि पडल्यावर तो मोडण्याची शक्यता कमी होते. परंतु टोकाकडे बोटे ठेवून मिळणारा जादा जोर त्यात मिळत नाही. ज्या गाडीच्या पुढे ड्रम ब्रेक आहे, किंवा जिचा क्लच जड आहे, तिच्यासाठी आखूड लिव्हर योग्य नाही.

बहुतेक मूळ लिव्हर दाबाखाली साच्यात ओतलेल्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचे असतात. महाग प्रकार घडाईचे किंवा ६०६१-टी६ यासारख्या मिश्रधातूच्या ठोकळ्यातून यंत्रावर कोरून काढलेले असतात. ओतीव लिव्हर आघाताने वाकण्याऐवजी तुटण्याकडे झुकतो, आणि ओतकाम निकृष्ट असल्यास आतील पोकळ्यांमुळे साध्या ओढीनेही तडकू शकतो. कोरीव लिव्हर मजबूत असतो, पण मजबुती हा एकमेव गुण नाही. लिव्हर अजिबात मोडत नसेल तर आघात योकवर किंवा मास्टर सिलिंडरवर जातो, आणि हे भाग लिव्हरपेक्षा कितीतरी महाग असतात. म्हणूनच काही लिव्हरच्या टोकाजवळ मुद्दाम खाच ठेवलेली असते. पडल्यावर टोक तिथे तुटते, आणि दोन बोटांपुरता तुकडा घरी पोचण्यासाठी शिल्लक राहतो. घडीचे लिव्हर आघाताने वर मुडपतात व पुन्हा सरळ करता येतात. मात्र त्यांच्या जादा सांध्यात ढिलाई येते.

टोकाची गोल घुंडी शोभेसाठी नसते. अपघातात लिव्हरचे अणकुचीदार टोक शरीरात घुसू नये, म्हणून ती असते. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या रस्ता-शर्यतींच्या नियमांत या घुंडीचा व्यास किमान १६ मि.मी. असावा लागतो. घुंडी मोडून धारदार झालेल्या लिव्हरवर गाडी चालवत राहणे त्यामुळेच अयोग्य मानतात. वाकलेला अॅल्युमिनियमचा लिव्हर ठोकून सरळ करण्याची प्रथा सर्वत्र आढळते. सरळ झालेला लिव्हर दिसायला पूर्ववत होतो, पण वाकलेल्या जागी केसासारखी तडे पडलेली असू शकतात, आणि अशा लिव्हरचा भरवसा नेमक्या जोराच्या ओढीला उरत नाही.

घाटरस्त्यांवरील वापर : नंदुरबार जिल्हा

धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा दोन भूभागांत विभागलेला आहे. शहादे आणि नंदुरबार तालुक्यांचा मोठा भाग तापी खोऱ्याच्या सपाटीत येतो, तर अक्राणी तालुका, आणि अक्कलकुवे व तळोदे तालुक्यांचा उत्तर भाग सातपुड्यात आहे. तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा देवगोई घाट आणि शहाद्याहून तोरणमाळला नेणारा वळणावळणांचा घाट हे या दोन भागांना जोडतात. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे धुळे–सुरत महामार्गावर कोंडाईबारी घाट आहे. डोंगरातील विखुरलेल्या पाड्यांकडे जाण्यासाठी मोटारसायकल हे प्रमुख वाहन आहे, आणि ती बहुधा दोघा-तिघांना किंवा एखाद्या पोत्याला घेऊन चालते.

तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे शहाद्याच्या सपाटीपासून साधारण एक हजार मीटर वर. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून २५० किलो वजन तिथून खाली येते, तेव्हा सुमारे २४.५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. इतक्या ऊर्जेने आठ लिटरहून अधिक पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत नेता येईल. यातील काही भाग हवेचा आणि टायरचा विरोध शोषून घेतो. उरलेला भाग इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे चालकाचा डावा हात ठरवतो. क्लच सोडून, खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली तर इंजिन स्वतःच गाडी रोखते आणि ब्रेक अधूनमधून लावावा लागतो. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरण्याची सवय असल्यास जवळपास सगळी उष्णता डिस्कमध्ये किंवा ड्रममध्ये साठते.

अशा उतारावर चुकीच्या उंचवट्याचा लिव्हर आपले दोष दाखवतो. गावात वापरताना ब्रेक अधूनमधून लागतो, तेल फारसे तापत नाही आणि पॅडचे किंचित घासणे जाणवत नाही. घाटात तेल तापत गेले की लिव्हर हळूहळू कडक होत जातो, त्याचा मोकळा प्रवास संपतो आणि गाडी उतारावरही ओढल्यासारखी वाटू लागते. हे लक्षण दिसताच थांबून ब्रेक थंड होऊ देणे आवश्यक असते. लिव्हर कडक होण्याऐवजी मऊ पडून मुठीकडे येऊ लागला, तर कारण वेगळे असते. तेव्हा तेलातील पाणी उकळून वाफेचे बुडबुडे झालेले असतात. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ आणि डॉट ४ चा २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंश आहे. दोन-तीन पावसाळे काढलेले तेल बदलले नसेल, तर सर्वोत्तम लिव्हरही उपयोगाचा नाही.

ड्रम ब्रेकच्या गाड्यांना तेलाची ही भीती नसते. तिथे तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून किंचित दूर जातो आणि शूची पकडही मंदावते, म्हणून लिव्हर मुठीच्या अधिक जवळ येऊन ब्रेक लागतो. सपाटीवर आधीच अंतिम टोकाशी लागणारा ब्रेक घाटात अपुरा पडतो. ड्रमच्या गाडीला घाटासाठी पूर्ण लांबीचा लिव्हर आणि नीट बसवलेला प्ले या दोन गोष्टी कोणत्याही महागड्या भागापेक्षा जास्त उपयोगी ठरतात.

चढावर कसोटी क्लचची असते. लिव्हरला मोकळा प्ले मुळीच नसेल तर क्लच सतत थोडा दाबलेला राहतो, भार आला की प्लेटा घसरतात, इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही. वळणावर थांबून पुन्हा निघताना लिव्हर अर्ध्यावर धरून ठेवल्यानेही हेच घडते. क्लच लिव्हरला किंवा त्याच्या योकला सामानाची पिशवी अडकवणे ही बाजारहाटाच्या दिवशी सर्रास दिसणारी गोष्ट आहे. पिशवीच्या भाराने लिव्हर किंचित ओढलेला राहतो, आणि हँडल वळताना ती केबललाही ताणते.

दुर्गम भागात सुटा भाग मिळणे हा निवडीचा स्वतंत्र निकष ठरतो. धडगाव किंवा मोलगीच्या पलीकडे लिव्हर मोडला तर शोभिवंत लिव्हरचा जोडभाग तिथे मिळणार नाही, सर्वाधिक खपाच्या गाडीचा साधा ओतीव लिव्हर मिळू शकेल. त्यामुळे अशा भागात नियमित फिरणाऱ्यांनी मूळ मापाचा एक क्लच लिव्हर आणि एक क्लच केबल बोल्टांसह सीटखाली किंवा हत्यारांच्या पेटीत ठेवणे सोयीचे असते. क्लच लिव्हर मोडला तरी जाणकार चालक गाडी कशीबशी गावात आणू शकतो. पुढच्या ब्रेकचा लिव्हर नसताना मात्र घाट उतरू नये, कारण उतारावर वजन पुढच्या चाकाकडे सरकते आणि एकटा मागचा ब्रेक चाक घसरवण्यापलीकडे फार काही करू शकत नाही. खडीच्या किंवा दगडी वाटांवर वारंवार पडणाऱ्या गाड्यांना हँडगार्ड लावणे हा लिव्हर वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. ते लावल्यावर लिव्हर गार्डला घासत नाही, हे पाहावे लागते.

बसवणे आणि तपासणी

डिस्क ब्रेकचा लिव्हर बदलताना तेलाची यंत्रणा उघडावी लागत नाही. जुना बोल्ट काढून लिव्हर बाहेर येतो. बुशिंग आणि बोल्ट झिजले असल्यास तेही बदलतात, कारण नव्या लिव्हरची ढिलाई बहुधा जुन्या बोल्टामुळे राहते. फिरण्याच्या जागी आणि केबलच्या निपलवर थोडे ग्रीस लावतात. धुळीच्या रस्त्यांवर ग्रीस भरभरून लावल्यास ते धूळ धरून ठेवते.

बसवल्यानंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलतात, लिव्हर दहा-बारा वेळा दाबून सोडतात आणि चाक हाताने फिरवतात. ते सोडल्याबरोबर मोकळे फिरले पाहिजे. तेलाच्या टाकीचे झाकण उघडून लिव्हर अगदी हलके दाबल्यास पृष्ठभागावर बारीक उसळी दिसते. ती दिसली म्हणजे सूक्ष्म छिद्र उघडे आहे. हे करताना टाकीभोवती फडके धरतात, कारण ब्रेक ऑईल रंग खाते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिव्हर पेट्रोलच्या टाकीला किंवा आरशाच्या दांडीला लागत नाही आणि केबल ताणली जात नाही, हेही पाहतात. ब्रेकचा दिवा दोन्ही लिव्हर-पेडलवर वेगवेगळा तपासतात. शेवटी सपाट रस्त्यावर ब्रेक जवळजवळ न लावता चार-पाच किलोमीटर गाडी चालवून डिस्कवर पाण्याचे थेंब टाकतात. ते चर्रकन उडाले तर पॅड घासत आहेत.

क्लचचा प्ले गाडीच्या पुस्तिकेनुसार ठेवतात. काही उत्पादक तो लिव्हरच्या बुडाशी २ ते ३ मि.मी. असा, तर काही टोकाशी १० ते २० मि.मी. असा सांगतात. नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी सैल होते, म्हणून प्ले पुन्हा तपासावा लागतो. पावसाळ्यापूर्वी केबलमध्ये पातळ तेल सोडल्यास गंज टळतो. केबल बहुतेक वेळा लिव्हरजवळच्या निपलपाशी एकेक तार सुटत तुटते, आणि लिव्हर जड झाल्याची किंवा करकरण्याची सूचना ती आधीच देते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहनांच्या ब्रेकविषयीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ मध्ये आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. लिव्हरचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात नसतो, आणि त्याच मापाचा लिव्हर बदलणे ही दुरुस्तीच ठरते. मात्र सदोष ब्रेकसह वाहन रस्त्यावर आणणे हा त्याच अधिनियमाच्या कलम १९० चा विषय आहे, आणि दोष बदललेल्या लिव्हरमुळे आला असला तरी जबाबदारी वाहन चालवणाऱ्यावर किंवा चालवू देणाऱ्यावर येते.